टीव्ही, खाणं आणि वजन : पटणारा पेपर जास्त तपासा

"टीव्हीसमोर बसून खाऊ नकोस, जाड होशील" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे या विषयावरचा पेपर हाती आला की तो वाचायच्या आधीच पटलेला असतो, आणि तपासायचा राहून जातो. तुमच्यापैकी कुणी आहारशास्त्र, मानसशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्यात सिनॉप्सिस लिहीत असाल, तर आजचं उदाहरण नीट बघा.

२०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या टाल, झुकरमन आणि वान्सिंक यांचा एक छोटा पेपर आला. ९४ विद्यार्थ्यांना वीस मिनिटं टीव्ही दाखवला. समोर चॉकलेटच्या गोळ्या, कुकीज, गाजर आणि द्राक्षं. एका गटाने 'द आयलंड' हा मारधाडीचा सिनेमा पाहिला, दुसऱ्याने तोच सिनेमा आवाज बंद करून, तिसऱ्याने चार्ली रोझ यांचा मुलाखतींचा कार्यक्रम. निष्कर्ष असा की मारधाड बघणाऱ्यांनी मुलाखत बघणाऱ्यांपेक्षा वजनाच्या हिशोबात ९८ टक्के जास्त खाल्लं आणि ६५ टक्के जास्त कॅलरी घेतल्या. एवढा मोठा फरक दिसल्यावर बातम्या होणारच, त्या झाल्या.

आता पद्धत बघू. 'मारधाडीचे कार्यक्रम' या अख्ख्या प्रकाराच्या वतीने इथे एकच सिनेमा उभा आहे. फरक मारधाडीमुळे पडला की याच सिनेमातल्या दुसऱ्या कशामुळे, हे कसं ठरवणार? टीव्ही न बघणारा गट नाहीच, म्हणजे 'टीव्हीमुळे जास्त खातो' हा प्रश्न तपासलेलाच नाही. आणि वीस मिनिटांच्या खाण्यावरून वजनाबद्दल काही बोलता येत नाही. हे आक्षेप घ्यायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, फक्त पेपर शांतपणे वाचावा लागतो.

पुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये जामा समूहाने वान्सिंक यांचे सहा पेपर मागे घेतले, त्यात हा एक. कारण असं की मूळ डेटाच उपलब्ध नव्हता, त्यामुळे निकालांची खात्री देता येत नाही असं कॉर्नेलने कळवलं. विद्यापीठाच्या चौकशीत डेटाची चुकीची मांडणी, संख्याशास्त्रीय पद्धतींचा सदोष वापर आणि नोंदी जपून न ठेवणं हे दोष निघाले. आपण फसवणूक केली नाही असं वान्सिंक यांचं म्हणणं होतं, पण त्यांनी राजीनामा दिला.

हे प्रकरण सुरू कुठून झालं, ते तुम्हाला माहीत असायलाच हवं. २०१६ मध्ये वान्सिंक यांनी स्वतःच्या ब्लॉगवर एका पाहुण्या पीएचडी विद्यार्थिनीचं कौतुक केलं. एका इटालियन बुफेत केलेला प्रयोग फसला होता, अपेक्षित निकाल मिळाला नव्हता. तो डेटा त्यांनी तिला दिला, यातून काहीतरी निघेलच असं सांगितलं, आणि तिने त्यातून पेपर काढले. त्यांना ही मेहनतीची गोष्ट वाटत होती. वाचणाऱ्या संशोधकांच्या भुवया उंचावल्या, आणि तिघांनी त्यातले चार पेपर तपासले तेव्हा आकड्यांत सुमारे दीडशे विसंगती सापडल्या.

यात नेमकं चुकतं काय? समजा खरा फरक मुळीच नाही आणि तुम्ही ५ टक्के पातळीवर वीस स्वतंत्र चाचण्या केल्या. तरी निदान एक चाचणी निव्वळ योगायोगाने 'सिग्निफिकंट' येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. तीच एक छापली आणि बाकीच्या एकोणीस फाईलमध्ये ठेवल्या, की पेपर तयार! उद्या गाईड म्हणतील, "डेटा आहे ना, बघ काही निघतंय का." बघायला हरकत नाही. पण किती चाचण्या केल्या ते लिहायचं, आणि नंतर सुचलेली कल्पना आधीचं गृहीतक म्हणून मांडायची नाही.

मग या विषयात टिकाऊ काही आहे का? आहे, पण ते साधं आणि मर्यादित आहे.

रॉबिन्सन यांचा १९९९ चा प्रयोग घ्या. कॅलिफोर्नियातल्या दोन शाळांमधली तिसरी-चौथीची १९२ मुलं. एका शाळेत सहा महिन्यांत १८ पाठ घेऊन टीव्हीचे तास कमी करायला शिकवलं. दोन्हीकडे बीएमआय वाढला, पण त्या शाळेत कमी : १८.३८ वरून १८.६७. दुसऱ्या शाळेत १८.१० वरून १८.८१. टीव्हीसमोरची जेवणंही कमी झाली. मात्र जास्त चरबीचं खाणं किंवा व्यायाम यांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे परिणाम मिळाला, वाट सापडली नाही. शिवाय शाळा दोनच, त्यामुळे फरक पाठांचा की शाळेचा, ही शंका उरतेच.

२००९ मध्ये ऑटन आणि सहकाऱ्यांनी ३६ जास्त वजनाच्या प्रौढांवर प्रयोग केला. त्यातल्या एका गटाचा टीव्ही यंत्र लावून निम्म्यावर आणला. तीन आठवड्यांत त्या गटाचा ऊर्जाखर्च दिवसाला सुमारे ११९ किलोकॅलरींनी वाढला, पण खाण्यात दोन गटांमध्ये ठळक फरक आला नाही. आपल्या घरच्या समजुतीच्या हे उलट आहे! इथे फायदा ताटातून कमी आणि हालचालीतून जास्त आलेला दिसतो.

खाण्याच्या बाजूने हिग्ज आणि वुडवर्ड यांचा २००९ चा प्रयोग वाचा. दुपारचं जेवण टीव्ही बघत केलेल्या तरुणींनी नंतर बिस्किटं जास्त खाल्ली, आणि जेवणाची त्यांची आठवणही फिकी होती. इथे निदान एक कारण सुचवलंय : काय खाल्लं ते मनात नीट नोंदलंच जात नाही. पण हीही एका दिवसाची गोष्ट, वजनाची नाही.

तिन्ही पेपरांचे प्रश्न वेगळे आहेत : तास कमी केले तर वजनाचं काय, हालचालीचं काय, आणि जेवताना लक्ष विचलित झालं तर पुढच्या खाण्याचं काय. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये "टीव्हीमुळे लठ्ठपणा वाढतो" असं लिहून कंसात चार नावं टाकलीत, तर हा सगळा फरक पुसला जातो. प्रत्येक पेपरपुढे एक ओळ लिहा : कोणावर, किती दिवस, कशाशी तुलना, मोजलं काय.

आणि एक काम आजच करा. तुमच्याकडे साठवलेल्या जुन्या पीडीएफवर 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का नसतो. पबमेडवर तो ठळक दिसतो. संदर्भयादीतला एकेक पेपर तिथे शोधून बघा. तासाभराचं काम आहे, व्हायवामध्ये कुणी विचारण्याआधी ते झालेलं बरं.