‘तू’ हरवला तो पडद्यामुळे का?

आज मार्टिन ब्यूबरच्या नावानं चालणाऱ्या एका युक्तिवादाकडे जरा बारकाईनं पाहू. ‘इख उंड डू’ हे त्याचं पुस्तक १९२३चं. माणसाच्या दोन वृत्ती तो सांगतो : ‘मी-तू’ आणि ‘मी-ते’. समोरच्याला सबंध माणूस म्हणून सामोरं जाणं ही पहिली. त्याला अनुभवाचा, उपयोगाचा विषय करणं ही दुसरी. २०२०च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झालं, आणि आपण म्हणायला लागलो की पडद्यानं सहकाऱ्याचं ‘ते’ करून टाकलं.

हे पटकन पटतं. पण ब्यूबर झाडाशीही ‘मी-तू’ नातं शक्य मानतो! तेच झाड, तेवढ्याच अंतरावरून, कुणाला लाकूड असतं आणि कधी ‘तू’ होतं. म्हणजे प्रश्न अंतराचा नव्हे. शेजारच्या टेबलावरचा माणूस वीस वर्षं नुसता ‘सहीवाला’ राहिलेला आपण पाहिलाय की.

मग काही हरवलंच नाही का? हरवलं. कांट १७८५मध्ये सांगतो : माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नका. सगळा भार त्या ‘केवळ’वर आहे. कामात आपण एकमेकांचा उपयोग करतोच. टपरीवरचा चहा, जिन्यातली दोन वाक्यं, यांत तो ‘केवळ’ गळून पडायचा. लिंकवर मात्र विषय आधी येतो, माणूस मागून. विषय संपला की चौकट बंद.

यावर उपाय म्हणून कॅमेरा सक्तीचा करतात, शुक्रवारी ‘गप्पांची मीटिंग’ लावतात. ब्यूबरच्याच मते ‘तू’ शोधून सापडत नाही, तो कृपेनं भेटतो. हजेरी घेऊन कृपा होत नाही.

पण इथे ब्यूबरही आम्हाला अपुरा वाटतो. ज्याच्या दिवसात कॉलला कॉल चिकटलेला आहे, त्याच्याकडे कृपेनं यावं कुठल्या फटीतून? मोकळा वेळ कुणाला मिळतो, हा वृत्तीइतकाच व्यवस्थेचाही प्रश्न आहे. अशी फट ठेवणं साहेबाच्या हातात असतं. आणि थोडं आपल्याही.

बोलता बोलता पलीकडे मूल रडायला लागतं. सहकारी ओशाळून आवाज बंद करते. तेव्हा “घाई नाही, बघून ये. आम्ही थांबतो,” एवढं कुणी म्हटलं, आणि खरोखर थांबलं, तर पडदा आहे तिथेच असतो. ‘ते’ मात्र उरत नाही.