उस्मानी तलवारीवरील लेख : वाचन आणि जतन

उस्मानी तलवारींच्या अभ्यासात एक प्रवृत्ती वारंवार आढळते. पात्यावरील लेखात एखादे नाव वाचता आले की शस्त्राची ओळख पटली, असे मानले जाते. वस्तुतः लेख हा पुरावा असला तरी तो एकजिनसी पुरावा नव्हे. त्यातील प्रत्येक पद निराळ्या गोष्टीची साक्ष देते आणि ती साक्ष निराळ्या रीतीने तपासावी लागते.

प्रथम नावांचा प्रश्न. यातागान, म्हणजे पुढे वाकलेल्या पात्याची एकधारी उस्मानी तलवार. तिच्यावर पुष्कळदा दोन नावे असतात. ‘अमल’ या शब्दामागून येते ते कारागिराचे. ‘साहिब’ किंवा ‘साहिब व मालिक’ यामागून येते ते धन्याचे. हे शब्द मराठीतही रुळलेले असल्यामुळेच मराठी वाचकाची येथे फसगत होण्याचा संभव अधिक. मराठीत ‘अंमल’ म्हणजे सत्ता आणि ‘साहेब’ ही आदरार्थी उपाधी. मूळ अरबी अर्थ मात्र येथे ‘केलेले काम’ व ‘धनी’ एवढाच आहे. शब्दार्थाचे हे स्थित्यंतर ध्यानात न घेतल्यास लोहाराचा राजा होतो आणि साध्या शिपायाचा उमराव.

कालनिर्देशाबाबतही हीच सावधगिरी हवी. अरबी लिपीतील पाचाचा अंक देवनागरी शून्यासारखा दिसतो, शून्य केवळ ठिपक्याने दाखवितात, आणि नवाचा अंक देवनागरी एकाची आठवण करून देतो. शिवाय हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने त्यात ६२२ मिळवून भागत नाही. हिजरी १२२१ हे वर्ष इ. स. १८०६ च्या मार्चमध्ये सुरू झाले. साध्या बेरजेने मात्र १८४३ येते. सदतीस वर्षांच्या या चुकीने शस्त्र एका सुलतानाच्या कारकिर्दीतून दुसऱ्याच्या कारकिर्दीत जाऊन पडते.

आता स्वाक्षरीचे प्रामाण्य. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयातील सुलतान सुलेमानच्या यातागानावर अहमद तेकेलू या कारागिराचे नाव आणि हिजरी ९३३ (इ. स. १५२६–२७) हे वर्ष आहे. तेथे लेख, अलंकरणाची शैली आणि राजवाड्यातील संग्रहाची परंपरा परस्परांस दुजोरा देतात. म्हणून ती स्वाक्षरी विश्वसनीय ठरते. याउलट इस्फहानच्या असदुल्लाचे नाव. शाह अब्बासच्या (१५८८–१६२९) काळाशी जोडलेल्या या लोहाराचे नाव पुढील कित्येक पिढ्यांच्या पात्यांवर कोरलेले आढळते. उस्मानी मुठींत इराणी पाती बसविण्याची प्रथा असल्यामुळे अशी पाती तुर्की तलवारींतही दिसतात. असे नाव व्यक्तीचे राहत नाही. ते उत्तमतेचा शिक्का बनते. महाराष्ट्रातील ‘फिरंग’ तलवारींवरील युरोपीय छापांचाही असाच विचार करावा लागतो, कारण त्यांतील काही छाप अनुकरणात्मक आहेत. सुलतानाच्या तुघ्र्याविषयीही घाई नको. चांदीच्या म्यानावर उमटविलेला तुघ्रा बहुधा धातूच्या शुद्धतेची खूण असतो. तलवार सुलतानाची होती, असे त्यावरून ठरत नाही.

जतनाचा प्रश्न याच ठिकाणी वाचनाशी येऊन भिडतो. पोलादाचा पृष्ठभाग खरवडून त्यावर सोन्याची तार ठोकलेली असेल, तर घासून उजळण्याच्या पहिल्याच प्रयत्नात अक्षराची टोके आणि नुक्ते जातात. अरबी लिपीत एका नुक्त्याने व्यंजन बदलते, हे येथे विसरता कामा नये. पोलादावरील लहरीदार नक्षीही त्याच घासण्याने पुसली जाते, आणि तीच पात्याच्या उगमाची महत्त्वाची खूण असते. म्हणून तिरप्या प्रकाशात छायाचित्रे आणि लेखाची नोंद आधी, स्वच्छता नंतर, हा क्रम अपरिहार्य होय. घामातील क्षारांमुळे गंज चढतो, यास्तव पात्यास उघडा हात लावू नये. कातडी म्यान ओलावा धरते. पाते त्यात कायम ठेवू नये. पोलादास कोरडी हवा मानवते, पण हस्तिदंती मूठ अतिकोरड्या हवेत तडकते; तेव्हा हवेतील आर्द्रता मध्यम व स्थिर ठेवणे हाच मार्ग उरतो.

चुकीचे वाचन पुढील अभ्यासक सुधारू शकतो. झिजविलेले अक्षर कोणासही परत आणता येत नाही. लेखाचा अर्थ निश्चित होईपर्यंत त्याचे एकही चिन्ह निरर्थक समजू नये, हे तत्त्व भाषाभ्यासकाइतकेच संग्रहपालासही लागू आहे.