फेफे डॉब्सनची गीते आणि पॉप-पंकमधील वर्णभेद : एक चिकित्सा

दलित पँथरची स्थापना (१९७२) अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीच्या प्रेरणेने झाली आणि त्या निमित्ताने मराठी समीक्षेचा कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी जवळचा परिचय झाला. त्यांच्या संगीताचा उल्लेख मात्र आपल्याकडे बहुधा ब्लूज आणि जॅझ यांपाशीच थांबतो. गिटारप्रधान रॉक संगीत हे गोऱ्यांचे, असे जणू गृहीतच धरले जाते. वस्तुतः रॉकच्या जडणघडणीत सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी यांचा वाटा मूलभूत आहे. लंडनच्या पंक चळवळीत पॉली स्टायरीन ही सोमाली वंशाच्या पित्याची कन्या अग्रभागी होती. तरीही हे गृहीतक टिकून आहे, कारण ते श्रोत्यांइतकेच संगीत उद्योगाचेही आहे. कॅनेडियन गायिका फेफे डॉब्सन हिच्या वाटचालीच्या आधारे त्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

डॉब्सनचा जन्म १९८५ मध्ये टोरांटो येथे झाला. वडील जमैकन वंशाचे, आई गौरवर्णीय. किशोरवयातच एका ध्वनिमुद्रण कंपनीचे लक्ष तिच्याकडे गेले; परंतु कंपनीला हवी होती ती आर अँड बी धाटणीची गायिका. तिने ते नाकारले व गिटारचा मार्ग धरला. २००३ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने तिच्याच नावाचा पहिला अल्बम प्रसिद्ध केला आणि त्यातील ‘टेक मी अवे’ या गीताने तिला ओळख मिळवून दिली.

पॉप-पंक म्हणजे पंकची वेगवान, कर्कश गिटार आणि लोकप्रिय गीताची सहज गुणगुणता येणारी चाल यांचा संयोग. ‘टेक मी अवे’ची शब्दकळा या प्रकाराच्या मानाने साधीच आहे, येथून दूर ने, ही प्रियकराला घातलेली साद, एवढाच तिचा आशय. गीताचे बळ आहे ते आवाजात. काहीसा खरखरीत, छातीतून येणारा हा आवाज ध्रुवपदात गिटारच्या गदारोळावर चढतो, तेव्हा त्यात लाडिकपणा उरत नाही. समकालीन परीक्षणांनी मात्र तिची तुलना वारंवार ॲव्हरिल लव्हीन हिच्याशी केली. लव्हीनही कॅनडाचीच आणि तिचा पहिला अल्बम २००२ चा, म्हणून तुलना सुचणे स्वाभाविक होते. परंतु या तुलनेत एकीला मापदंड मानले गेले व दुसरीला अपवाद. आवाजांतील फरकाची चर्चा बाजूलाच राहिली.

खरा प्रश्न यापुढे उद्भवतो. ‘संडे लव्ह’ हा तिचा दुसरा अल्बम तयार असूनही कंपनीने २००६ मध्ये बासनात गुंडाळला आणि तिच्याशी असलेला करार संपुष्टात आणला. गीते मात्र बासनात राहिली नाहीत. त्यातील ‘ॲज अ ब्लाँड’ हे गीत २००९ मध्ये सेलेना गोमेझच्या अल्बममध्ये आले. ‘डोन्ट लेट इट गो टू युअर हेड’ त्याच वर्षी जॉर्डिन स्पार्क्सने गायिले. डॉब्सनने सहलेखन केलेले ‘स्टार्ट ऑल ओव्हर’ त्यापूर्वीच, २००७ मध्ये, मायली सायरसच्या अल्बममधून जगभर पोहोचले होते.

येथे ‘चोरी’ हा शब्द लागू पडत नाही. ‘हाउंड डॉग’ बिग मामा थॉर्नटनने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि १९५६ मध्ये त्यावर एल्व्हिस प्रेस्लीची कीर्ती उभी राहिली, हे उदाहरण अशा चर्चेत नेहमी दिले जाते. पण तेथे थॉर्नटन गीताची लेखिका नव्हती. डॉब्सनचे नाव ‘स्टार्ट ऑल ओव्हर’च्या श्रेयनामावलीत आहे आणि व्यवहारही रीतसर आहे. हरवला तो गीतातील ‘मी’. ‘ॲज अ ब्लाँड’मधील निवेदिका सोनेरी केसांची होऊन पाहण्याची कल्पना करते. कृष्णवर्णीय तरुणीच्या तोंडी ही कल्पना बोचरा उपरोध होते. अन्य गायिकेच्या तोंडी ती केशरंगाची गंमत एवढीच उरते. शब्द तेच, अर्थ निम्मा.

स्पार्क्सचे उदाहरण या विवेचनाला अडचणीचे वाटेल, कारण तीही कृष्णवर्णीय पित्याची कन्या आहे. प्रत्यक्षात त्यामुळे मुद्दा अधिक नेमका होतो. स्पार्क्स गात होती ती मुख्य प्रवाहातील पॉपच्या चौकटीत, जेथे तिच्यासारख्या गायिकेची जागा उद्योगाला आधीच मान्य होती. अडसर केवळ वर्णाचा नव्हता. वर्ण आणि वाद्यमेळ यांची जी जोडी बाजाराने ठरवून टाकली होती, तिचा होता.

२०१० च्या ‘जॉय’मधील ‘स्टटरिंग’ कॅनडाच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले. हे तिचे सर्वांत यशस्वी गीतांपैकी एक. मात्र त्यात पंकची धार बरीच बोथट झाली आहे, हे नोंदवणे भाग आहे. ‘संडे लव्ह’ डिजिटल स्वरूपात उपलब्ध झाला तो २०१२ मध्ये. २०२१ मध्ये विलो स्मिथचे ‘ट्रान्सपरंट सोल’ गाजले, तेव्हा पॉप-पंकमधील कृष्णवर्णीय स्त्रियांची चर्चा पुन्हा सुरू झाली. डॉब्सनचा ‘इमोशन सिकनेस’ त्यानंतर २०२३ मध्ये, म्हणजे पहिल्या अल्बमला वीस वर्षे होत असताना प्रसिद्ध झाला, आणि त्यात तिने गिटार सोडलेली नाही.