बंद बटणातला उजेड

घरातल्या सगळ्या वायरिंगमध्ये मला सर्वांत देखणी वाटणारी जोडणी बटणाच्या पाठीमागे असते, आणि तिला टोकं दोनच. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा काचेचा निऑन दिवा, त्याच्या एका पायाला जोडलेला रेझिस्टर, आणि दोन तारा. एक तार बटणाला येणाऱ्या फेजवर, दुसरी बटणातून बल्बकडे जाणाऱ्या वायरीवर. न्यूट्रलला हात लावायचाच नाही. तरीही खोलीतला बल्ब मालवला की बटणात नारिंगी ठिपका उजळतो, आणि बल्ब लावला की तो विझतो.

न्यूट्रल जोडलेलं नाही, तर मंडल पुरं होतं कुठे? या जोडणीचं सगळं सौंदर्य या प्रश्नाच्या उत्तरात आहे. ते पुरं होतं बंद असलेल्या बल्बमधून. फेजवरून निघालेला प्रवाह रेझिस्टरमधून, निऑनमधून वर छतापर्यंत जातो, बल्बच्या थंड तारेतून पार होतो आणि न्यूट्रलला मिळतो. रेझिस्टर लाख-दीड लाख ओहमचा, त्यामुळे प्रवाह असतो जेमतेम एक मिलिअँपिअर. साठ वॅटच्या बल्बची थंड तार ओहमच्या हिशेबात शंभराच्या आतच. तिच्या वाट्याला व्होल्टचा दशांशही येत नाही. बल्बला आपल्यातून काही गेलं याची जाणीवही होत नाही आणि त्याच्याच आधाराने खाली बटणातला दिवा जळत राहतो. मग बटण दाबलं की निऑनची दोन्ही टोकं एकाच धातूच्या पट्टीने जोडली जातात. त्यांच्यात फरक उरत नाही, आणि फरक नाही तिथे निऑन जळत नाही. त्याला विझवण्यासाठी वेगळं काहीच करावं लागलेलं नाही. बल्ब पेटवणाऱ्या कृतीतच त्याचं विझणं आलं.

हाच दिवा, हाच रेझिस्टर. एक टोक हलवलं की अर्थ पालटतो. बटणातून बाहेर पडणारी वायर आणि न्यूट्रल यांच्यामध्ये तो बसवला, तर बटण चालू असेपर्यंत जळतो. गिझरचं बटण हे त्याचं घरोघरचं उदाहरण. गिझर असतो न्हाणीघरात, बटण बाहेर, आणि चालू राहिलेला गिझर डोळ्यांना दिसत नाही. तिथे ठिपक्याने ‘चालू आहे’ हेच सांगायला हवं. आणि बटणाला वगळून थेट येणाऱ्या फेजपासून न्यूट्रलपर्यंत जोडला, तर तो आपल्या बोर्डांवरचा नेहमीचा लाल इंडिकेटर होतो. भारनियमनाच्या दिवसांत लाइट आली की नाही हे पाहायला महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची नजर आधी त्याच्याकडे गेली आहे.

या दोन्ही जोडण्या उपयोगी आहेत, पण दोघींना बोर्डात न्यूट्रल लागतं. बोर्डावर सॉकेट असेल तर ते आलेलं असतं. नुसत्या दिव्याच्या बटणापाशी बहुधा नसतं. पहिल्या जोडणीचं श्रेष्ठत्व मी इथे मानतो: जे हाताशी आहे तेवढ्यातच ती भागवते. जिन्याच्या टू-वे बटणांत तर ती आणखी खुलते. दोन बटणांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या मध्ये निऑन बसवला, की जिन्याचा दिवा बंद असताना त्या दोन वायरींपैकी एक फेजवर असते आणि दुसरी दिव्यातून न्यूट्रलला भिडलेली असते. खालच्या आणि वरच्या दोन्ही बटणांत ठिपका उजळतो, मग दिवा कुठूनही मालवलेला असो.

निऑन वायू 1898 साली लंडनमध्ये विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांना सापडला. हा चिमुकला दिवा मात्र नंतरचा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी तो 1917 मध्ये घडवला. त्यात तार नसते, म्हणून तार तुटून जाण्याचा प्रश्न नाही. असतात त्या दोन बारीक कांड्या, आणि उजळते ती ऋण बाजूची कांडी. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेत ऋण बाजू सतत पालटते, म्हणून दोन्ही कांड्या आळीपाळीने उजळतात. ठिपक्यावरून नजर झर्रकन फिरवून पाहा, अंधारात सलग रेघ न दिसता तुटक तुकडे दिसतील. वर्षभर अखंड जळूनही त्याचा खर्च साधारण दोन-तीन युनिटांचा. म्हातारा झाला की काच आतून काळवंडते आणि तो थरथरू लागतो.

एलईडी दिवे आल्यापासून या जोडणीचा बल्बशी असलेला करार मोडला आहे. थंड तारेला जो प्रवाह कळतही नव्हता, तो एलईडीच्या आतल्या कपॅसिटरमध्ये थेंबाथेंबाने साठतो. पुरेसा साठला की दिवा क्षणभर लुकलुकतो, रिता होतो, पुन्हा साठू लागतो. बंद दिवा रात्रभर मिचमिचत असेल तर नव्या दिव्याला बोल लावण्याआधी बटण पाहावं. उपाय दोन. दिव्याला समांतर एक लहान कपॅसिटर जोडायचा, मेनच्या व्होल्टेजसाठीच बनवलेला, एक्स-टू वर्गाचा. किंवा बोर्डात न्यूट्रल असेल तर इंडिकेटरचं बल्बकडचं टोक तिथे न्यायचं. मग तो सतत जळेल. अंधारात बटण सापडेल, पण बटणाची स्थिती कळणार नाही. लोक सरळ इंडिकेटर कापून टाकतात, याचं मला वाईट वाटतं.

या जोडणीचा खरा दोष वेगळा आहे. वायरमनने चुकून बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलं असेल, तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहते, आणि ठिपका तेव्हाही तसाच शांतपणे उजळतो. ती चूक तो सांगू शकत नाही. उलट, वायरिंग बिनचूक असताना बल्ब काढला, तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये टेस्टर पेटतो, कारण रेझिस्टरमधून आलेलं व्होल्टेज तिथे उभं असतं. आणि बटण बंद असूनही ठिपका विझलेला असेल, तर लाइट गेलेली असेल, बल्ब उडालेला असेल, किंवा निऑनच संपलेला असेल.

म्हणून विझलेल्या इंडिकेटरवर भरवसा ठेवून बोर्ड उघडू नका. आधी मेन स्विच पाडा, टेस्टर चालतो आहे हे चालू फेजवर पाहून घेतलेलं असू द्या, मग प्रत्येक टोकावर तो लावून पाहा, आणि तारांची अदलाबदल परवानाधारक वायरमनच्या हातूनच करून घ्या.