‘विसर्जन’ जुळवताना

‘विसर्जन’ हा शब्द फोनच्या मेमरीत सात चिन्हांचा असतो: व, ऱ्हस्व इकार, स, र, हलंत, ज, न. आपण उच्चारतो त्याच क्रमाने. गिरगाव चौपाटीच्या वेळापत्रकात तो पडद्यावर उमटतो तेव्हा मात्र इकार ‘व’च्या आधी येऊन उभा असतो आणि ‘र’ रफार होऊन ‘ज’च्या डोक्यावर चढलेला असतो. ही हलवाहलव बहुतेक अँड्रॉइड फोनांत हार्फबझ नावाची लायब्ररी करते. मूळचे इराणचे बेहदाद एस्फाहबोद हे तिचे प्रमुख लेखक. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला हा कोड सर्वांना खुला आहे. क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्येही तोच चालतो. आयफोनची व्यवस्था वेगळी, तिथे ॲपलचं कोअर टेक्स्ट आहे.

भारतीय लिप्यांसाठी या लायब्ररीत एक स्वतंत्र फाइल आहे. ती वाचताना मला व्याकरणाचा उत्तम ग्रंथ वाचल्याचा आनंद होतो. आधी शब्दाचे अक्षरसमूह पाडले जातात: वि, स, र्ज, न. मग प्रत्येक समूहातलं मुख्य व्यंजन शोधायचं, तेही शेवटाकडून मागे येत. इथे एक सुंदर नियम आहे. समूहाची सुरुवात ‘र’ आणि हलंताने झाली असेल आणि पुढे आणखी व्यंजन असेल, तर तो ‘र’ मुख्य व्यंजन होऊ शकत नाही. त्याला रफार व्हावं लागतं. लहानपणी बाईंनी फळ्यावर शिकवलेला रफार इतक्या नेमकेपणाने मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आता ‘दुसऱ्या’ घ्या. इथला ‘र’ वर चढत नाही, आडवा होऊन ‘य’ला चिकटतो. मराठीला ‘आचार्य’ आणि ‘आचाऱ्याला’ यांतला फरक जपावाच लागतो. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ वेगळा आहे. हार्फबझच्या लेखी रफार होणारा देवनागरी ‘र’ एकच, साधा. त्यामुळे ‘ऱ’ त्या नियमातून सुटतो आणि फाँटमधलं त्याचं अर्धं रूप घेतो. इतक्या साधेपणाने मराठीचं काम झालं, हे मला फार आवडतं.

निकाल हाती येतो तोही पाहण्यासारखा. सात चिन्हांच्या जागी साधारणपणे सहा आकृत्या मिळतात आणि प्रत्येकीवर तिच्या समूहातल्या पहिल्या चिन्हाचा, शून्यापासून मोजलेला क्रमांक असतो: ०, ०, २, ३, ३, ६. इकार आणि ‘व’ दोघांवरही शून्य, म्हणून कर्सर त्यांच्या मध्ये शिरत नाही. जागा बदलली तरी मूळ विसरलेलं नाही.

हे सगळं सी प्लस प्लससारख्या भाषेतल्या, थेट प्रोसेसरवर चालणाऱ्या नेटिव्ह कोडमध्ये का, याचं उत्तर स्क्रोल करणाऱ्या बोटापाशी आहे. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला सोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. त्यात नव्याने दिसणाऱ्या ओळी जुळवून व्हायला हव्यात. अँड्रॉइड ॲप ज्या भाषेत लिहितात त्या कॉटलिनमधून नेटिव्ह कोडकडे जाण्याचाही खर्च असतो, त्यामुळे एकेक अक्षर घेऊन खेपा घालणं परवडत नाही. मजकुराचा सलग तुकडा एकदाच हवाली करायचा. हार्फबझचं मुख्य फंक्शन तसंच घडवलेलं आहे. ॲप बनवण्याचं फ्लटर हे साधन तर ही लायब्ररी आपल्या इंजिनातच बांधून आणतं. म्हणजे दादरच्या दोघा मुलांनी केलेलं ॲप असो की बड्या बँकेचं, रफार चढवणारा हात बहुधा एकच.

गिरगावाला लागून, काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता, १८६९ साली सुरू झालेला. तिथला जुळारी इकाराचा खिळा ‘व’च्या आधी लावत असे, रफार ‘ज’वर बसवत असे. हार्फबझ हा त्याच परंपरेतला जुळारी आहे, असं मी मानतो. निर्णयसागरच्या शुद्ध छपाईची कीर्ती होती. इथेही लाखो देवनागरी शब्द घेऊन मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेशी ताडून पाहिले गेले.

एक काम मात्र हा जुळारी आपण सांगितल्याशिवाय करत नाही. ‘लालबाग’ लिहा. त्यात दोन ‘ल’ आहेत. मराठीचा ‘ल’ पाकळीचा, हिंदीचा दंडाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरवले. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मराठी रूप मिळतं ते मजकूर मराठी आहे हे कळवलं तरच. न कळवल्यास ॲप बहुधा फोनची भाषा धरून चालतं, आणि मुंबईत ती अनेकदा इंग्रजी असते. मग लालबागच्या राजाच्या दर्शनाची सूचना दंडाच्या ‘ल’ने येते. दोष लायब्ररीचा नाही. तिच्यात भाषा सांगायची सोय आहे, तिच्यावर उभ्या असलेल्या अँड्रॉइडच्या टेक्स्टव्ह्यूत आहे, फ्लटरच्या टेक्स्टस्टाइलमध्येही आहे. मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: मराठी लोकेल सांगणारी ती एक ओळ लिहा, आणि फाँट निवडण्याआधी त्यात ‘लालबाग’, ‘शाळा’ आणि ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द उमटवून बघा.