चोवीस पाचूंचे बाबा

व्यापार या विषयावर मत द्यायचा मला अधिकार आहे. म्हणजे मी आयुष्यात कधी काही विकलंय असं नाही. लग्नात आलेला एक जास्तीचा मिक्सर विकायला काढला होता, तो शेवटी घेणाऱ्याच्या घरी स्वतःच्या रिक्षाभाड्यानं नेऊन दिला. पण मी बी.कॉम. आहे (दुसरा वर्ग), आणि गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे व्यवहार लिहितो आहे. तेव्हा आमचे चिरंजीव एका रविवारी "बाबा, मी आता व्यापारात पडलोय" असं म्हणाले, तेव्हा मी पेपर बाजूला ठेवला आणि खुर्ची त्यांच्या लॅपटॉपजवळ ओढली.

व्यापार माइनक्राफ्ट नावाच्या खेळातला निघाला. हा खेळ स्वीडनमध्ये तयार झाला, २०११ च्या नोव्हेंबरात पूर्ण स्वरूपात बाजारात आला, आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टनं तो करणारी कंपनी अडीच अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. इतके पैसे ओतूनही त्यातली एक वस्तू गोल झालेली नाही. गाय चौकोनी, ढग चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. या चौकोनी जगात गावं आहेत आणि गावांत गावकरी आहेत. मोठं नाक, हाताची घडी, काहीही विचारलं तरी उत्तर एकच : "हं". पहिल्या भेटीतच मला ही माणसं ओळखीची वाटली. कारण नंतर लक्षात आलं. पासबुक भरायचं मशीन बंद असताना मी ग्राहकांशी असाच बोलतो.

२०१२ पासून हे गावकरी व्यापार करू लागले आणि २०१९ साली त्यांना रीतसर धंदे मिळाले. धंदा मिळायची पद्धत मात्र नामी आहे. परीक्षा नाही, मुलाखत नाही, वशिला नाही. रिकाम्या गावकऱ्यासमोर सामान ठेवायचं. खताची पेटी ठेवली की तो शेतकरी, माग ठेवला की मेंढपाळ, पुस्तक ठेवायचं तिरकं मेज ठेवलं की ग्रंथपाल. माझ्या वडिलांनी माझ्यासमोर बँकेचा अर्ज ठेवला होता, त्याची आठवण झाली. फक्त हिरव्या अंगरख्यातला एक गावकरी असा असतो की त्याच्यासमोर काहीही ठेवा, तो काही करत नाही. चिरंजिवांना याचं फार आश्चर्य वाटत होतं. मी वीस वर्षं नोकरी केल्यामुळे मला वाटलं नाही.

चलन पाचूचं. आता जमाखर्च ऐका. बाण करणारा कारागीर बत्तीस काटक्या घेऊन एक पाचू देतो. एका ओंडक्याच्या आठ काटक्या होतात, म्हणजे चार ओंडक्यांना एक पाचू. ठीक आहे, भाव म्हणून माझी तक्रार नाही. पण त्या काटक्यांचं तो पुढे करतो काय? आणि पाचू आणतो कुठून? गावात कुणी कुणाला काही विकत नाही. शेतकरी शेजाऱ्याला पाव देतो तो असाच, फेकून. सगळा गाव फक्त आमच्या चिरंजिवांशी व्यवहार करतो आणि पाचू कधी संपत नाही. जे येतं ते नावे आणि जे जातं ते जमा, हे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. इथे नावे बाजूला काटक्यांचा डोंगर आणि जमा बाजूला पाचूंचा झरा. गोदाम तपासायला जावं तर गोदामच नाही. असा ताळेबंद मी आमच्या मॅनेजरसाहेबांसमोर ठेवला असता तर पुढचे तीन दिवस मी जेवायला घरी आलो नसतो.

याला अपवाद एकटा शेतकरी. तो वीस गहू घेऊन एक पाचू देतो आणि एका पाचूला सहा पाव विकतो. एका पावाला तीन गहू लागतात. म्हणजे अठरा गव्हांचा माल वीस गव्हांच्या भावात. बरोबर दहा टक्के सुटतात. हे मी कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मला गहिवरून आलं. त्या अख्ख्या चौकोनी विश्वात हिशोबानं चालणारा एक माणूस आहे आणि तो शेतकरी आहे!

आणखी एका गोष्टीला मात्र मी मनापासून दाद देतो. तुम्ही एकच माल सारखा घ्यायला लागलात की गावकरी भाव चढवतो. दिवसातून दोनदाच माल भरतो, त्याआधी संपला तर तांबडी फुली दाखवून मोकळा होतो. आणि एखाद्याला चुकून फटका मारलात तर तो तर भाव वाढवतोच, शिवाय ही बातमी इतरांच्या कानांवर घालतो आणि तेही वाढवतात. अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं मागणी आणि पुरवठ्यावर थांबतात. बाजारभाव गावगप्पांवर ठरतो, हे ओळखणारा माणूस मोठा म्हटला पाहिजे. उणीव एकच. घासाघीस नाही. "वर दोन काटक्या घाला की हो" म्हणायची सोयच ठेवलेली नाही. आमच्या सौभाग्यवतींनी दोन मिनिटं पाहिलं, "याला काय बाजार म्हणायचा?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

गावकरी कमी पडले तर ते वाढवायचे. पद्धत अशी : दोघांना एका आवारात ठेवायचं, दोघांना तीन-तीन पाव द्यायचे, डोक्यावर बदाम दिसू लागतात आणि पोर होतं. पण अट आहे. एक पलंग मोकळा हवा, आणि त्यावर पोराला उडी मारता येईल इतकी जागा हवी. पलंग नाही तर पोर नाही! माझा जन्म दहा बाय बाराच्या खोलीत, सात माणसांत आणि एका पलंगात झाला. त्यावर आजोबा झोपत. हा नियम आमच्या चाळीला लावला असता तर हा लेख लिहायला कुणी उरलं नसतं. पोर वीस मिनिटांत मोठं होतं. तेवढी वीस मिनिटं ते पलंगांवर उड्या मारत असतं. पुढे मेज दिसतं आणि उड्या संपतात.

आता मुद्द्यावर येतो. चिरंजिवांनी गावकरी गावात ठेवलेच नव्हते. एकेकाला होडीत घालून, होडी जमिनीवरून वल्हवत, एका लांबलचक दगडी इमारतीत आणलं होतं. तिथे एका माणसापुरत्या ओळीनं कोठड्या. पुढे मेज, मागे भिंत. मान वळवली तर शेजारचा दिसत नाही. हे सगळे खेळाडू असंच करतात म्हणे. ग्रंथपालाकडे मेंडिंगचं, म्हणजे रफूचं पुस्तक असतं. ते अवजारावर चढवलं की अवजार आपोआप सांधलं जातं. पण ते पुस्तक नेमकं याच्याकडे निघेल असं नाही. नाही निघालं तर मेज फोडायचं, परत ठेवायचं, मग तो दुसरं काही विकायला काढतो. असं शंभरदा करता येतं. मात्र एकदा त्याच्याशी सौदा केला की संपलं.

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे मग तो कायम तेच विकणार. धंदा बदलत नाही."

मी जरा गप्प बसलो. आमच्याकडे बढतीचं पत्रक दर दोन-तीन वर्षांनी फिरतं. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे कुठेही. मी दर वेळी नकाराच्या रकान्यात सही करतो. आईचं दुखणं, याची शाळा, घराचे हप्ते. कारणं खरीच होती. या वर्षीच्या पत्रकावर सही करताना शिपाईसुद्धा म्हणाला, "साहेब, तुमचं पेन तयारच असतं."

तेवढ्यात एका कोठडीतल्या ग्रंथपालाकडे माझं लक्ष गेलं. ग्रंथपालांना खेळात चष्मा असतो. याच्या डोक्यावर नावाची पाटी होती : बाबा.

"चष्मा आहे ना, म्हणून," चिरंजीव म्हणाले. "आणि हा सगळ्यांत भरवशाचा आहे. रोज तिथेच असतो."

ती पाटीसुद्धा त्यानंच विकली होती, वीस पाचूंना. रफूचं पुस्तक चोवीसला.

मी समीक्षक म्हणून तटस्थ राहायला हवं होतं. राहिलो नाही. माणसाला निदान रात्रीचा पलंग आणि दुपारी गावच्या घंटेपाशी चार जणांत उभं राहायला मिळालं पाहिजे, यावर मी वीस मिनिटं बोललो. युनियनच्या द्वारसभेतही मी इतका बोललो नव्हतो. शेवटी चिरंजिवांनी कंटाळून कोठडीची भिंत फोडली. बाबा बाहेर आले, हाताची घडी तशीच, आणि कुंपणाशी जाऊन "हं" म्हणाले. मला फार बरं वाटलं.

रात्री झोंबी आला. तो चावला की गावकरीही हिरवा झोंबी होतो. चिरंजीव ओरडत माझ्याकडे धावले, मीही धावलो. आठ सोन्याच्या विटा आणि एक सफरचंद मिळून सोन्याचं सफरचंद होतं. ते, आणि आधी अशक्तपणाच्या काढ्याची बाटली अंगावर फोडायची, हा इलाज. मग बाबा काही मिनिटं नुसते थरथरत होते. आम्ही दोघं पडद्याला नाक लावून बसलो होतो. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

बाबा बरे झाले. चिरंजिवांनी लगेच पुस्तकांचा भाव पाहिला आणि टाळी वाजवली. जीव वाचवला की गावकरी उपकार स्मरून कायमची सूट देतो. पूर्वी लोक गावकऱ्याला मुद्दाम पुनःपुन्हा चावून घेऊन पुनःपुन्हा बरं करत आणि भाव पाडत. २०२३ मध्ये कंपनीनं हे बंद केलं, आता उपकार एकदाच मोजतात. त्याच साली त्यांनी प्रयोग म्हणून आणखी एक नियम काढला : रफूचं पुस्तक दलदलीच्या गावकऱ्याकडेच मिळायचं, आणि दलदलीत मुळात गावच नसतं. म्हणजे दोघांना तिकडे नेऊन पोर तिथे जन्माला घालायचं. बदलीखातं तिथेही आहे. तो नियम ऐच्छिक आहे, आणि आमच्या घरी मी नकाराच्या रकान्यात सही केली.

"बाबा, तुम्ही एकदम स्वस्त झालात! चोवीसवरून एक!"

"मला आधीपासून माहीत होतं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

चिरंजिवांनी मला परत होडीत घातलं आणि त्याच कोठडीत नेऊन सोडलं. मी काही बोललो नाही. या वेळी मागच्या भिंतीत मात्र त्यानं एक काच बसवली.

"काच कशाला रे?"

"झोंबी आला तर तुम्हांला आधी दिसायला नको?"