‘मस्ट नॉट’ आणि ‘नये’

इंग्रजी साहाय्यकारी क्रियापदें शिकवितांना आमचीं शालेय व्याकरणें बहुधा एक कोष्टक पुढें करतात : ‘कॅन’ म्हणजे शकणें, ‘मस्ट’ म्हणजे पाहिजे. कोष्टक पाठ होतें. अर्थ हातीं लागत नाहीं.

रत्नागिरीकडील नाटे गांवचा, दर्यावर वाढलेला एखादा मुलगा घ्या. त्याला पोहतां येतें, ही विद्या. ताप भरला म्हणजे त्याच्यानें पोहवत नाहीं, ही अंगची शक्ति. उधाण आलें म्हणजे तो पोहूं शकत नाहीं, ही बाहेरची अडचण. इंग्रजींत या तिहींचें काम एकटें ‘कॅन’ भागवितें. मग दारिद्र्य कोणत्या भाषेचें?

नकारांत तर कोष्टक उघड दगा देतें. ‘यू मस्ट नॉट गो’ याचें त्याबरहुकूम भाषांतर ‘तूं गेलेंच पाहिजेस असें नाहीं’ असें होतें. खरा अर्थ ‘तूं जाऊं नयेस’. पहिली मोकळीक, दुसरी मनाई. मोकळिकीसाठीं इंग्रजींत ‘नीड नॉट’ निराळें आहे. आषाढांत खाडीबाहेर होडी लोटणाऱ्यास हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे, जिवाचा आहे.

दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें, मोरो केशव दामल्यांचें १९११ सालीं. ‘जावें’, ‘जाववतें’, ‘जाऊं नये’ हीं रूपें मराठी व्याकरणास नवीं नाहींत; इंग्रजीच्या तासाला मात्र त्यांस दाराबाहेर ठेवितात. त्यांस आंत घ्यावें. शब्दास शब्द जोडण्याआधीं शिक्षकानें विचारावें : येथें आज्ञा आहे, गरज आहे, कीं नुसती मुभा?